बंद ट्रकातला मिनेझिस

अमेरिकन रॅपर एमिनेम मला पहिल्यांदा भेटला तो टिपरच्या केबिनमध्ये, आणि तेव्हा त्याचं नाव ट्रॅक ७ होतं.

म्हणजे झालं असं, की सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यात सरकारनं लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये वरून सुप्रीम कोर्टाचा पण आदेश आला. मी तेव्हा नववीत. आमचं गाव साखळीपासून जवळ, घरासमोर बाबांचे दोन टिपर, एक स्वतः चालवायचे आणि दुसऱ्यावर बेळगावकडचा एक ड्रायव्हर होता. खाणीवरून माल उचलायचा, आमोण्याच्या जेटीवर ओतायचा, तिथून तो बार्जमध्ये चढून मांडवीतून मुरगावला जायचा, आणि पुढे चीनला का कुठे जातो त्याच्याशी आमचं देणंघेणं नव्हतं, आमचं देणंघेणं फक्त दिवसाला किती ट्रिपा झाल्या याच्याशी. आणि एक दिवस ट्रिपा शून्य. मग दुसऱ्या दिवशी पण शून्य. पहिले पंधरा दिवस सगळे म्हणत होते की दिवाळीपर्यंत सुरू होणार. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, जत्रा सुरू झाल्या, आणि ड्रायव्हर एका सकाळी बॅग घेऊन आला, बाबांच्या पाया पडला आणि गावी गेला.

त्याचा पेनड्राइव्ह मात्र डेकमध्येच राहिला.

आता ट्रक असा नुसता उभा करून चालत नाही. बॅटऱ्या उतरतात, टायर बसतात, उंदीर वायरी खातात. म्हणून बाबांनी मला ड्युटी लावली, रोज संध्याकाळी दोन्ही गाड्या दहा-दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवायच्या, गिअरला हात लावायचा नाही, चाकाखालचा चिरा काढायचा नाही, डिझेल फुकट येत नाही. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात टिपरची चावी! मी लगेच हो म्हटलं. केबिनमध्ये चढलं की पहिला वास डिझेलचा, मग जुन्या उदबत्तीचा, डॅशबोर्डवर दत्ताचा फोटो, त्याला प्लास्टिकच्या शेवंतीचा हार, आणि सगळ्यावर ती लाल धूळ. स्पीकरच्या जाळीत पण धूळ, त्यामुळे बेस लागला की जाळीतून बारीक लाल पावडर उडायची. सेल्फ मारला की आधी सगळी केबिन हलायची, मग हवेच्या मीटरचा काटा हळूहळू वर यायचा आणि टाकी भरली की खालून फुस्स असा आवाज. तो फुस्स आला म्हणजे दहा मिनिटं झाली असं मीच ठरवून टाकलेलं.

पेनड्राइव्हमध्ये बरीचशी कानडी गाणी, थोडी हिंदी, एक गणपतीची आरती, आणि मग ट्रॅक ७. आधी पियानो. मला वाटलं कसलं तरी सिनेमातलं दुःखी गाणं असणार म्हणून पुढे करायला हात गेला, तेवढ्यात ती गिटार सुरू झाली, झग् झग् झग् झग्, एकाच जागी थांबून दात-ओठ खात असल्यासारखी, आणि खाली इंजिन आयडलिंगवर तसंच धडधडतंय, दोन्हींचा ठेका अगदी एक नव्हता पण जवळपास होता, आणि मग तो माणूस बोलायला लागला. गायला नाही, बोलायला. मला एक अक्षर कळलं नाही. खरं सांगतो, एक अक्षर नाही. पण हा माणूस घाईत आहे आणि याला काहीतरी आत्ताच सांगायचं आहे, उद्या सांगून चालणार नाही, एवढं कळलं. फुस्स कधी झालं ते कळलंच नाही, बाबांनी घरातून हाक मारली तेव्हा बंद केलं.

इथे थोडं भाषेबद्दल सांगायला हवं. घरी आम्ही कोंकणी बोलतो, लिहायला बसलं की हात मराठीत जातो, आमच्या भागात बऱ्याच घरांत हे असंच आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम सगळं इंग्लिश. माझं इंग्लिश म्हणजे पुस्तकात वाचून कळायचं, परीक्षेत पाठ करून लिहायचं, पण कोणी तोंडासमोर फटाफट बोललं की मी आपला हसायचो. वर्गात पणजीकडून आलेली दोन-तीन मुलं होती, ती आपापसात इंग्लिशमधून जोक मारायची आणि मी अर्धा सेकंद उशिरा हसायचो. तो अर्धा सेकंद ज्यानं भोगलाय त्यालाच माहीत.

तर हे गाणं मला कळायलाच पाहिजे असं डोक्यात बसलं. नेट नव्हतं, म्हणजे फोनमध्ये टूजी होतं पण ते नसल्यात जमा. मग मी एक उद्योग सुरू केला. शाळेची जुनी वही घेतली, रोज संध्याकाळी एक-दोन ओळी ऐकायच्या, मागे घ्यायच्या, परत ऐकायच्या, आणि कानाला जे ऐकू येतं ते देवनागरीत लिहायचं. स्पेलिंग येत नाही ना, मग अक्षर तरी बरोबर पकडू. कुठे शब्द तुटतो, कुठे जोडतो, काही पत्ता नाही, नुसती अक्षरांची माळ. तीन आठवड्यांत पूर्ण गाणं वहीत उतरलं आणि अर्थ अजूनही शून्य, पण तोंडपाठ. मी ते पावकीच्या पाढ्यासारखं घडघड म्हणायचो.

नाव कळलं ते साखळीच्या बाजारात. तिथे एक मोबाईलचं दुकान होतं, वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून द्यायचा, भजन पाहिजे तर भजन, तियात्र म्हणजे कोंकणी नाटक पाहिजे तर तियात्र. मी पेनड्राइव्ह दिला आणि म्हटलं हे सातवं गाणं कोणाचं आहे. त्यानं दोन सेकंद ऐकलं आणि माझ्याकडे असा बघितला जसं काय मी विचारलंय की हा सचिन तेंडुलकर कोण. "हें तुका खबर ना?" मग एका रिचार्ज कुपनच्या पाठीमागे लिहून दिलं, एमिनेम, आणि खाली गाण्याचं नाव, लूज युअरसेल्फ. शिवाय वीस रुपयांत त्याच्याकडे होतं नव्हतं ते सगळं एमिनेम कार्डात भरून दिलं, वर सल्ला पण दिला की घरी स्पीकरवर लावू नको.

सल्ला मी पाळला. वहीच्या बाबतीत मात्र गाफील राहिलो.

आता नवीन गाणी पण वहीत उतरायला लागली होती, त्याच पद्धतीनं, अर्थ न कळता. आणि २००० सालचा त्याचा तो अल्बम ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल मी काय काय लिहून ठेवलं असेल. एका शनिवारी दुपारी शाळेतून आलो तर आजी ओसरीवर बसलेली, चष्मा लावलेला, समोर पाटावर माझी वही. आजीला इंग्लिश येत नाही पण देवनागरी काहीही असो ती वाचणार, रद्दीतला कागद असला तरी वाचून मग टाकणार. आणि ती वाचत होती ती पोथीच्या चालीत. ओळीच्या शेवटी थोडा हेल काढून, मध्ये श्वास घेऊन, बोट अक्षराखाली फिरवत, एमिनेमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या, शिव्या एकामागून एक अगदी स्पष्ट उच्चारात. माझा चुलतभाऊ, जो तेव्हा कॉलेजला होता आणि ज्याला सगळं कळत होतं, तो खांबाला धरून खाली बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजीनं मला बघितलं आणि पान उलटत म्हणाली, "हें कसलें स्तोत्र रे बाबू? देवाचें नांवच मेळना."

मी म्हटलं, शाळेचं आहे.

त्या वर्षी मी नववीत नापास झालो. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असा नियम होता, त्यामुळे सगळी छाटणी नववीत व्हायची, आणि त्या छाटणीत मी सापडलो, गणित आणि सायन्स. एमिनेममुळे झालो असं आई अजून म्हणते, तसं काही नव्हतं, गणित मला एमिनेमच्या आधीपासून येत नव्हतं. पण त्याच सुट्टीत चुलतभावाच्या कॉलेजच्या नेटवर बसून मी त्याच्याबद्दल वाचलं, आणि त्यात पहिल्याच पानावर होतं की हा माणूस नववीत तीनदा बसला आणि मग सतराव्या वर्षी शाळाच सोडली. तीनदा! मी तर एकदाच. मी ते आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. आईनं भाकरी थापता थापता विचारलं, आणि त्याच्या आईनं काय केलं? मी म्हटलं ते माहीत नाही. हो, माहीत होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं, त्या मायलेकांची केस कोर्टात गेली होती.

बाकी वाचलं ते असं. जन्म १९७२ चा, मिसुरीतला, खरं नाव मार्शल मॅथर्स, म्हणून एम आणि एम. वाढला डेट्रॉइटला, सारखी घरं बदलत, शाळेत मार खात. हॉटेलात भांडी घासली, स्वयंपाक केला. १९९६ मध्ये पहिला अल्बम काढला तो कोणी विकत घेतला नाही. मग डॉक्टर ड्रे नावाच्या नावाजलेल्या रॅपर-निर्मात्याच्या कानावर पडला आणि १९९९ पासून जे झालं ते जगाला माहीत आहे. ते माझं ट्रॅक ७ त्याच्याच सिनेमासाठी, शूटिंगच्या मधल्या वेळात लिहिलेलं, आणि २००३ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, रॅप गाण्याला मिळालेलं पहिलं, आणि ते जाहीर झालं तेव्हा हा बाबा घरी झोपला होता. मला हे ऑस्करपेक्षा जास्त आवडलं.

पण सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच. तो लहानपणी डिक्शनरी वाचायचा, शब्द साठवायला. एका मुलाखतीत त्याला कोणीतरी म्हटलं की ऑरेंजला इंग्लिशमध्ये यमक जुळत नाही, तर यानं तिथल्या तिथे डोअर हिंज, फोर इंच, पॉरिज, अशी रांगच लावली, उच्चार थोडे वाकवून. आता आमच्या मराठीच्या सरांनी मोरोपंतांच्या आर्या शिकवताना फळ्यावर हेच केलं होतं, शब्द कुठे तोडला की यमक होतं, कुठे जोडला की नवीनच अर्थ, खडूनं उभ्या रेघा मारून मारून दाखवलेलं, आणि आम्ही मागच्या बाकावर पेंगत होतो. मी घरी येऊन वही उघडली आणि माझ्या त्या अक्षरांच्या माळेवर तशाच रेघा मारल्या. आणि दिसलं हो! ओळीच्या शेवटी यमक होतंच, पण ओळीच्या पोटात, दर चार-पाच अक्षरांनी तेच स्वर परत येत होते. इंग्लिश स्पेलिंगमध्ये हे चटकन दिसत नाही, देवनागरीत लिहिलं म्हणून काना-मात्रा-वेलांटी एकाखाली एक उभी दिसली. हा माझा आयुष्यातला एकमेव शोध.

पुढचा हप्ता काकांकडून मिळाला. काका देवळात भजनाला पखवाज वाजवतात. त्यांना हेडफोन लावून दिला तर गुडघ्यावर बोटं चालू झाली. डोळे मिटून म्हणाले, चार-चार मात्रांचा हिशोब आहे, असे चार धरले की तीनतालाचं एक आवर्तन. मग हसले. "पण हा शब्द समेवर ठेवत नाही बघ, समेच्या आधी येतो नाहीतर पुढे जाऊन थांबतो, आणि हरवत नाही." काकांच्या तोंडून "हरवत नाही" म्हणजे पुरस्कारच, आमच्या गावातल्या अर्ध्या बुवांना ते मिळालेलं नाही.

बॅटरीची गोष्ट राहिली.

२०१३ चा जुलै. मी दुसऱ्यांदा नववीत. डिझेल वाचवायला बाबांनी आता दहाची पाच मिनिटं केलेली, पण पाच मिनिटांत माझं काय होणार. मग मी इंजिन बंद करून नुसत्या बॅटरीवर गाणी ऐकत बसायला लागलो. बाहेर मुसळधार पाऊस, काचा वाफेनं पांढऱ्या, आत स्टॅन नावाचं गाणं, ज्यात एक चाहता पत्रांवर पत्रं लिहितो, त्यात पेन्सिलीचा खरखर आवाज आहे आणि पाऊस पण आहे, आणि गाण्यातला पाऊस कुठला आणि टपावरचा कुठला ते मला कळेना. तासभर तरी बसलो असेन. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बाबांना ती गाडी बघायला एक माणूस येणार होता. म्हणजे विकत घ्यायला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी त्याच्यासमोर सेल्फ मारला, टक् असा आवाज आला आणि काही नाही. परत टक्. तो माणूस छत्री घेऊन उभा होता, बोलला काहीच नाही, पण भाव खाली आला असणार हे मला ओट्यावरून दिसत होतं.

मला वाटलं आता पट्टा निघणार. निघाला नाही. माणूस गेल्यावर बाबांनी दुसऱ्या ट्रकावरून केबल लावली, गाडी सुरू केली, केबिनमध्ये बसले आणि मला खुणेनं वर बोलावलं. मी क्लीनरच्या सीटवर, पाय थरथरतायत. म्हणाले, दाखव, काय ऐकतोस ते.

मी ट्रॅक ७ लावला. बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, समोर बघत, जसं काय जेटीवर लाईनमध्ये नंबर यायची वाट बघतायत. पूर्ण ऐकलं. वायपर चालू होता. मग विचारलं, कोण हा?

"एमिनेम."

"मिनेझिस?"

"मिनेझिस नाही हो, एमिनेम. मार्शल..."

"मार्शल मिनेझिस. म्हापशाचा?"

मिनेझिस म्हणजे आमच्याकडचं ख्रिस्ती आडनाव. मला हसू पण आवरेना आणि भीती पण जाईना. म्हटलं, अमेरिकेचा, डेट्रॉइटचा. बाबा म्हणाले, कोणावर चिडलाय एवढा? तर मी मला जे माहीत होतं ते सांगितलं, की तिथे गाड्यांचे मोठमोठे कारखाने होते, ते बंद पडत गेले, लोक शहर सोडून गेले, घरं ओस पडली. आणि त्याच आठवड्यात पेपरात आलं होतं की डेट्रॉइट शहरानंच दिवाळं काढलंय, १८ जुलैला कोर्टात अर्ज केला, सुमारे १८ अब्ज डॉलरचं कर्ज. ते पण सांगितलं. बाबा थोडा वेळ वायपरकडे बघत राहिले.

"म्हणजे आख्ख्या शहराचा हप्ता चुकला?"

"हो."

"मग आमचा काय, दोन ट्रकांचा."

आणि हसले. दहा महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं असं लिहिणार होतो पण ते खोटं होईल, अधूनमधून हसायचे, पत्ते खेळताना वगैरे. पण माझ्याशी, असं एकट्याशी, पहिल्यांदा. खालून फुस्स झालं, आणि ते म्हणाले, परत लाव.

ती गाडी पुढच्या महिन्यात गेली, कमी भावातच. देण्याआधी बाबांनी डेक आणि स्पीकर खोलून घेतले, घेणाऱ्याला सांगितलं की बिघडलेत.

नंतर त्याच वर्षी एमिनेमचं रॅप गॉड हे गाणं आलं, सहा मिनिटं चार सेकंदांत १५६० शब्द, गिनीजमध्ये नोंद आहे, सेकंदाला चाराहून जास्त. वहीत उतरवायला बसलो आणि दुसऱ्या पानावर हात टेकले. तोवर मला इंग्लिश ऐकून कळायला लागलं होतं, आणि ते कळणं ही काही सगळी मजेची गोष्ट नव्हती. त्याची बरीच गाणी आता मी ताईसमोर लावू शकत नाही, बायकांबद्दल जे बोललाय ते वाईटच आहे, चाल कितीही भारी असली तरी. स्वतःच्या आईला गाण्यांतून किती शिव्या घातल्या, आणि मग चाळिशीत आल्यावर एका गाण्यात तिची माफी मागितली. चौदाव्या वर्षी मला त्या शिव्याच भारी वाटायच्या. माफीचं गाणं मी आईला अर्थ सांगत ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, एवढा उशीर?

मी स्वतः पण लिहून बघितलं बरं का. खाण, घाण, ताण, जाण. दोन पानं. ती पानं कुठे आहेत मला माहीत आहे आणि कोणालाही मिळणार नाहीत.

पुढे खाणी परत सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद झाल्या, उरलेला ट्रक पण गेला. मी आता वेर्ण्याला एका कंपनीत शिफ्टला जातो. तो डेक बाबांनी लाकडी खोक्यात बसवून पडवीत लावलाय, त्यावर सकाळी भजनं आणि संध्याकाळी आकाशवाणी. जाळीत अजून थोडी लाल धूळ आहे, आवाज वाढवला की उडते, आई रोज पुसते आणि रोज वैतागते.

२०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या त्या मोठ्या फुटबॉल मॅचच्या मध्यंतरात डॉक्टर ड्रे, स्नूप डॉग वगैरे सगळे एकत्र स्टेजवर आले. आपल्याकडे सोमवार सकाळ. माझी सेकंड शिफ्ट होती म्हणून घरी होतो, पडवीत चहा पीत फोनवर क्लिप लावली. आधीचा पियानो नाहीच, थेट ती गिटार, झग् झग् झग्. बाबा आत पेपर वाचत होते, ते चष्मा कपाळावर सारून बाहेर आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. स्टेजवर तो, काळे कपडे, दाढी वाढलेली, शेवटी एका गुडघ्यावर बसला. मी मागे वळून बघितलं नाही.

बाबांनी माझ्या बशीतलं बिस्कीट उचललं.

"मिनेझिसय म्हातारो जालो रे."